दामले-सान माशांना अहो म्हणतात

"या, या. लाजू नका. आपलंच घर समजा."

होडीच्या कठड्यावरून वाकून दामले-सान हे समुद्राला सांगत होते. म्हणजे खाली तीस मीटरवर फिरणाऱ्या सॅल्मन माशांना.

जपानमधल्या सेंदाई शहरातल्या आमच्या ऑफिसात ते सगळ्यात जुने इंजिनियर, मी दुभाषी. माणूस असो की वस्तू, त्यांच्या तोंडी अहो-जाहोच. प्रिंटरमध्ये कागद अडकला की "अहो, सोडा आता." लिफ्टला "थांबा हं जरा." अरे-तुरे फक्त सर्व्हरला, तेही तो बंद पडला तर.

गंमत म्हणजे ते मासे खात नाहीत. "मला फक्त भेटायला आवडतं," म्हणतात. या भेटीसाठी वसंतात दर शनिवारी पहाटे गाडी काढून ते इवातेच्या किनाऱ्यावर जातात आणि सासाकी-सान या सत्तरीच्या नावाड्याच्या छोट्या होडीत बसतात. मी मूळची मालवणची. "तुमच्याकडे पाहुण्यांची नीट सोय होईल," असं म्हणून त्या शनिवारी त्यांनी मलाही नेलं.

जिग म्हणजे माशासारखा दिसणारा, शिशाचा चकचकीत तुकडा. गळ लावलेला. तो तळाकडे सोडायचा आणि झटके देत वर आणायचा. मी दिलेले झटके दामले-साननी नापास केले.

"पोलीस आल्यासारखं दार काय ठोठावताय? शेजारी विरजण मागायला गेल्यावर कडी वाजवतो, तसं करा."

दोन तास मी विरजण मागत होते. सासाकी-सान मात्र दामल्यांच्या डब्यातली पोळी-भाजी मजेत खात बसले होते. तेवढ्यात माझा रॉड वाकला, रीळ करकरलं.

"आले," दामले-सान हळूच म्हणाले. "ओढू नका. त्यांना जायचं तर जाऊ द्या, मग पुन्हा बोलवा."

दहा मिनिटं जा-ये झाल्यावर सासाकी-साननी जाळी घातली. हातभर लांब, चांदीच्या ताटासारखा मासा. दामले-साननी कानटोपी काढून मान लववली. "त्रास दिला, माफ करा."

मग त्यांनी फोटो काढून ईराला पाठवला. ईरा त्यांची मुलगी, ओसाकात नोकरी करते. इथेच वाढली, त्यामुळे उत्तर जपानीतच देते. दामले-सान जपानी फाडफाड बोलतात, पण वाचायच्या नावाने आनंद. भाषांतराचं अ‍ॅप त्यांना चालत नाही. "ते सगळ्यांशी एकाच आवाजात बोलतं."

फोन वाजला. मी शेजारी उभी असताना त्यांनी तो थेट सासाकी-सानच्या हातात दिला. म्हाताऱ्याने चष्मा लावला, खाकरून घसा साफ केला आणि वाचायला सुरुवात केली.

"बाबा, मासा फार सुंदर आहे. वारा असेल, टोपी काढू नका. तुमच्या हातची बटाट्याची भाजी खावीशी वाटते. ती फारच छान होते. थोडी तिखट असते, पण छान."

मी मागून डोकावले. पडद्यावर जपानी चित्रलिपीतली दोन अक्षरं होती. ऱ्योकाई. म्हणजे, समजलं. बाकी काही नव्हतं.

दामले-सान डोळे मिटून ऐकत होते. मी वळून दोरी गुंडाळायला लागले.

परतताना गाडीत मात्र राहवेना. "दामले-सान, ईराच्या त्या मेसेजमध्ये..."

"दोनच अक्षरं होती ना?" रस्त्यावरची नजर न काढता ते म्हणाले. "मागे मी तुम्हालाच एका मेलमधली ती अक्षरं दाखवून अर्थ विचारला होता. तेव्हा कळलं."

"मग तुम्ही अजूनही..."

"पहिल्या वेळी खरंच वाटलं मला. आठवडाभर सगळ्यांना सांगत सुटलो होतो, पोरगी किती लिहिते म्हणून." ते जरासे हसले. "आता फोन दाखवायचं थांबवलं, तर मला कळलंय हे सासाकी-सानना कळेल. वाईट वाटेल हो."

पुढे बराच वेळ रस्ता समुद्राकाठाने जात होता. मागे बर्फाच्या पेटीत मासा होता. बंदर दिसेनासं झाल्यावर ते म्हणाले,

"मृदुला, सासाकी-सानना मूलबाळ नाही. एवढं सगळं त्यांना सुचतं कुठून?"