गडब तीन भाकऱ्या

पेणच्या एसटी स्टँडबाहेर एका मोटरसायकलवाल्याने आमच्या शेजारच्या नानांना विचारलं, "काका, गडब किती लांब?"

"तीन भाकऱ्या," नाना म्हणाले.

त्याला वाटलं, म्हाताऱ्याला ऐकू कमी येतं. त्याने मोठ्याने विचारलं. नानांनीही मोठ्याने सांगितलं, "तीन! तांदळाच्या! गाडीला काय लागतं ते गाडीला इचार!"

नानांची उमर खाडीकाठच्या मिठागरात गेली. किलोमीटर हा त्यांच्या मते रस्ता बांधणाऱ्यांचा शब्द, चालणाऱ्याच्या काही कामाचा नाही. अंतर म्हणजे ते कापायला पोटात काय लागतं ते. रोहा दहा भाकऱ्या, सोबत सुकट असली तर नऊ. खांब गावाला ते एकदाच चालत गेले, पण वाटेत कुणीतरी आग्रहाने चपात्या खायला घातल्या आणि माप बिघडलं. त्यामुळे खांबचं अंतर ते आजही सांगत नाहीत.

मी शाळेत विज्ञान शिकवते. मनगटाला पावलं मोजणारं घड्याळ बांधते आणि कोथिंबीर आणायला स्कूटर काढते, त्यामुळे घड्याळाला तसा आरामच असतो. नानांनी ते एकदा उलटसुलट करून पाहिलं.

"पावलं मोजतं, बरं हाय. भूक मोजतं काय?"

भूक ते मोजत नाही, हे मला कबूल करावं लागलं. मग त्यांनी अंगणात एक काठी उभी धरली आणि सोडून दिली. काठी पुढे पडली.

"बघा बाई. माणूस असाच. माणूस चालत नाय, पडतो. दर पावलाला पडतो आन दुसरा पाय त्याला झेलतो. पडायला भाकरी लागत नाय. लागते ती झेलायला."

लंबकाचा धडा मी दरवर्षी शिकवते. दोऱ्याला बांधलेला दगड डावीकडे जातो, उजवीकडे जातो, मुलं जांभया देतात. पण आपण स्वतःच उलटे उभे केलेले लंबक होऊन बाजारात जातो, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या दिवशी मी नानांच्या ओटीवरून माझ्या फाटकापर्यंत चालत गेले आणि खरंच अंगावर काटा आला. पन्नास वर्षं मी पडत होते, झेलली जात होते, आणि मला पत्ता नव्हता! घरी येऊन मी बराच वेळ नुसती आपल्या पायांकडे बघत बसले. नवऱ्याला वाटलं, चप्पल लागली.

नानांचं दुसरं वाक्य असं, की ज्याची त्याची चाल असते. आपल्या चालीनं गेलं तर थोडक्यात भागतं. घाई केली की भाकरी वाढते, रेंगाळलं की तीही वाढते. म्हणून ते कधी कुणाबरोबर चालले नाहीत. लग्नकार्याला घरची मंडळी मागे आणि नाना पार पुढे, एकटेच.

यमुनाकाकी, म्हणजे नानांची बायको, यासुद्धा मिठागरातल्याच. नाना सांगायचे, "डोकीवर मिठाची पाटी, पायाखाली चिखलाचा बांध, आन डोकं असं सरळ रेषेत जायाचं. खाली पाय काय करतात, डोक्याला म्हाईतच नाय! लगीन मी चालीशी केलं बाई. त्वांड नंतर बघितलं."

"आन बघून बी पळाले नाय, यवढं माझं नशीब," काकी आतून म्हणायच्या.

गेल्या पावसाळ्यात मागच्या दारी शेवाळावरून काकींचा पाय घसरला आणि खुब्याचं हाड मोडलं. पनवेलला ऑपरेशन झालं, वॉकर आला. भाकऱ्या नाना थापू लागले. पंधरा दिवसांत मी ऐकलं, गडब दोन भाकऱ्यांवर आलंय.

"नाना, रस्ता आखूड झाला की काय?"

"माझी भाकरी जाड व्हते," ते खाली बघत म्हणाले. नानांचं माप काकींच्या हातचं होतं, हे मला तेव्हा कळलं.

हाड जुळलं. डॉक्टरांनी बजावलं, आता चालल्या नाहीत तर कायमच्या खाटेला खिळतील. पण काकी उठेनात. मीही समजवायला गेले, व्यायामाचे फायदे वगैरे. काकींनी शांतपणे ऐकून घेतलं.

"चालणं म्हंजी पडणं, ह्येच ना? यांनी जल्मभर सांगितलान. मना नाय परत पडाचं."

नानांचा चेहरा मला बघवेना. चाळीस वर्षं ज्या वाक्यावर छाती फुगवली, त्याच वाक्याने बायकोला खाटेवर बसवून ठेवलं होतं. ते उठून तिच्यासमोर उभे राहिले.

"अर्धंच ऐकलंस गो. माणूस पडतो, मग दुसरा पाय झेलतो. तुझा दुसरा पाय अजून कच्चा हाय. तोवर मी हाय."

मग ते उलटे चालू लागले. तिचे दोन्ही हात धरून, तोंड तिच्याकडे करून, पाठ स्वयंपाकघराकडे. एक पाऊल, थांबणं. दुसरं पाऊल, थांबणं. ज्या रेंगाळण्याला त्यांनी जन्मभर नावं ठेवली, त्या चालीने. खाटेपासून गॅसपर्यंत आठ पावलं, आणि नानांचा सदरा घामाने भिजला. मी शाळेत गुरुत्वाकर्षण शिकवते, पण ते इतक्या जवळून कधी पाहिलं नव्हतं.

काकी गॅसजवळच्या स्टुलावर टेकल्या. दम खाल्ला आणि टोपलीतल्या नानांच्या जाड भाकरीकडे बघितलं.

"ही काय भाकरी हाय? व्हा बाजूला. पीठ द्या हिकडं."

परवा स्टँडबाहेर एका रिक्षावाल्याने गंमत म्हणून विचारलं, "नाना, गडब किती?"

मी स्कूटर थांबवून ऐकत होते.

"तीन," नाना म्हणाले. "तीन भाकऱ्या."