धुऱ्याआतला फुटबॉल

आमच्या जवाहरनगरच्या कॉलनीत लग्नाच्या पंगतीतून कुणी सगळ्यांच्या आधी उठू लागला, की मांडवात शिटी वाजायची. "फाऊल! बाजूवाल्याचा भात बाकी आहे. बस खाली!" शिटी रामटेके कोचची. एकदा खुद्द नवरदेवाचा मामा उठला, त्यालाही त्यांनी बसवला. मामा लाल झाला, पण बसला. मी तर एकदा हात धुऊन आलेला माणूस, शिटी ऐकून पुन्हा पत्रावळीसमोर येऊन बसलो होतो.

रामटेके सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. दिवसा फॅक्टरीच्या गेटवर पहारा आणि सकाळी आमच्या स्टाफच्या फुटबॉल टीमचे कोच. मी हिशेब विभागातला बाबू, पवनीच्या कोष्ट्याचा पोरगा. गेटवर ते मला अदबीनं "साहेब, पास दाखवा" म्हणत. तासाभरापूर्वी मैदानावर त्याच तोंडानं "अबे निमजे, पोट कायले घेऊन येतं? घरी ठेवून येत जाय!" असं म्हणून झालेलं असे.

फुटबॉलचा मला कधीच नाद नव्हता. डॉक्टरांनी चालायला सांगितलं म्हणून मी मैदानाच्या कडेनं चालत होतो. कोचनी मारलेला बॉल माझ्या पोटाला लागला आणि भलतीकडे गेला. "वा! बॅक भेटला!" ते ओरडले. त्या दिवसापासून मी बॅक. बॉल माझ्या अंगाला लागावा, एवढीच माझ्याकडून अपेक्षा होती आणि ती मी आजवर इमानेइतबारे पुरी केली आहे. आमचा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला, तेव्हाची वाटणी कोच दोन वाक्यांत सांगत: "चांगले फॉरवर्ड तिकडे गेले. बाबू इकडे राहिले."

माणसं आपल्या मर्दुमकीच्या गोष्टी सांगतात. रामटेके फक्त फजितीच्या सांगत. "लढाईसाठी मले कोणी विचारलंच नाही बाप्पा. माही भरतीच बॉलसाठी झाली." गावात ते फुटबॉल शिकले बांधीत, म्हणजे धान कापून मोकळ्या झालेल्या शेतात. बांधीच्या चारी बाजूंनी धुरा, म्हणजे मातीचा उंच बांध. बॉल बाहेर जायचा प्रश्नच नाही, धुऱ्याला आपटून परत येतो. म्हणून समोरचा गडी अंगावर आला, की बॉल धुऱ्यावर हाणायचा, गड्याला चुकवून पुढं पळायचं आणि परत आलेला बॉल पायात घ्यायचा. हा रामटेकेंचा हातखंडा. पलटणीतल्या पहिल्याच मॅचमध्ये, डोंगरावरच्या मैदानात, कर्नलसाहेबांच्या खुर्चीसमोर, त्यांनी तोच डाव टाकला.

"मी पुढं जाऊन उभा राहिलो. बॉल दरीत जाऊन राहिला. सुभेदार म्हणे, किसका इंतजार कर रहे हो? मी म्हटलं, साब, वापस आएगा!"

हे सांगताना ते उठून, पाय रोवून, दरीकडे पाहत उभे राहत. मग स्वतःच पोट धरून हसत. दरीतून बॉल आणायला अर्थात त्यांनाच उतरवलं होतं. "फौजेनं मले दोन गोष्टी शिकवल्या बाबू. एक सॅल्यूट, अन् दुसरा थ्रो-इन."

एका हिवाळ्यात हे गृहस्थ माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. ऑफिसात ते पहिल्यांदाच येत होते. टोपी हातात.

"साहेब, गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात आमचं गाव जाऊन राहिलं. येत्या पावसाळ्यात मोठी बांधी बुडते. दरसाल धान निघालं का तिथं गावच्या दोन वस्त्या, वरचा टोला अन् खालचा टोला, खेळत होते. एक शेवटची मॅच व्हावी, इतकंच वाटते. वरच्या टोल्याचे येतो म्हणून राहिले. आमच्या खालच्या टोल्याचं कोणीच नाही उरलं. कोणी नागपूरले, कोणी मातीत. तुमी लोक खालचा टोला व्हा."

मी म्हटलं, "कोच, आम्ही हरू."

"थे तर माहीत आहे," ते म्हणाले.

टेम्पोनं आम्ही गेलो. घरांची दारं, छपरांचे आडे, कवेलू लोकांनी नव्या वसाहतीत नेले होते. नुसत्या भिंती उरल्या होत्या. वरच्या टोल्याची माणसं बायकापोरांसकट आली होती. बांधीत धानाची धसकटं तेवढी होती. कोचनी आम्हाला एकेक जागा दाखवायला सुरुवात केली. "तू इथं, ही बाजीरावची जागा. तू इथं, शंकरची." मला त्यांनी प्रथमच बॅकमधून काढून गोलात उभं केलं. दोन बांबू रोवलेले. "इथं धनराज," एवढंच म्हणून ते गेले.

गोलामागच्या धुऱ्यावर कोचची म्हातारी काकू बसली होती. तिनं सांगितलं, "धनराज आमच्या सुखदेवचा, तुमच्या कोचचा, लहाना भाऊ. थो तिकडं पलटणीत खेळून राहिला होता, अन् इकडं पोरगं तापानं गेलं. तार पोचेपर्यंत माती झाली होती. गोल सोडला का सुखदेव त्याले असा झोडपे, असा झोडपे! मी मधात पडो."

हे ऐकल्यावर मी दोन्ही बांबूंच्या बरोबर मध्ये जाऊन उभा राहिलो. जन्मात पहिल्यांदा मला मनापासून बॉल अडवावासा वाटला. पहिलाच बॉल दोन पायांमधून गेला. दुसऱ्यावर मी झेप घेतली. झेप चांगली होती, पण बॉल दुसऱ्या बाजूनं गेला. धसकटांनी कोपरं सोलून निघाली. वरच्या टोल्याच्या बाया पदरात तोंड घालून हसत होत्या आणि त्यातली एक ओरडली, "अरे, हा तर धनराजच!"

तिसरा गोल झाला तेव्हा कोच लांबून माझ्याकडे पळत आले. मी मान खाली घालून तयार झालो. सकाळच्या मैदानावर याहून लहान चुकीला मी काय काय ऐकलं होतं! फार वाईट वाटत होतं. या माणसाला एक मॅच हवी होती आणि ती माझ्या पायांमधून निघून चालली होती.

त्यांनी बॉल उचलला. आपल्या शर्टावर पुसला, माझ्या हातात ठेवला आणि माझ्या पाठीवरची माती झाडली.

"जाऊ दे रे धनू," ते म्हणाले. "लागलं तर नाही ना?"

"नाही दादा," मी म्हटलं, आणि बॉल जमेल तितक्या जोरात मारला.