दस्तगीरभाईंची जाळी

आमच्या मेढ्यातले दस्तगीरभाई शिंपी बोलायचेसुद्धा हॅशटॅग लावून. दोन उभ्या, दोन आडव्या रेघांच्या त्या खुणेला ते 'जाळी' म्हणत. "जाळी, मास्क नाकावर घ्या!" असं दुकानातून ओरडले की रस्त्यानं जाणारा आधी दचकायचा, मग नाक झाकायचा.

लॉकडाऊनमध्ये सदरा शिवायला येणार कोण? मग मशीन मास्कवर आणि भाई मोबाइलवर. सकाळी #हातधुवा, दुपारी #अंतरठेवा, संध्याकाळी #घरातबसा. फोटोत मॉडेल स्वतःच. एकदा डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेतानाचा फोटो टाकला, तर खाली कुणीतरी विचारलं, "भाई, रस्सा शिजला का?" त्या गड्याचा मास्क भाईंनी मुद्दाम ढगळ शिवला.

हे खूळ लेकीनं लावलेलं. रेश्मा पुण्यात कोविड वॉर्डात नर्स. "जाळी टाकली की पोस्ट लांब जाती, अब्बा," असं ती म्हणाली होती. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात भाई एकटेच. लेकीला यायची सोय नव्हती, यांना जायची नव्हती. फोनवर बोलायलाही तिला उसंत नसे. पण बापाच्या पोस्टवर न चुकता लाइकचा लाल बदाम उमटवायची. तो दिसला की भाई चहाचं आधण ठेवायचे.

एके दिवशी सकाळच्या पोस्टवर बदाम आला नाही. दुपारच्याही नाही. मग भाईंनी सपाटाच लावला. हात, नाक, वाफ, काढा, परत हात. लोक वैतागले आणि समजूत घालायला शेजारी म्हणून मला धाडलं.

भाई मशीन चालवत होते. सुईखाली कापड नव्हतं. मोबाइल मांडीवर.

"भाई, गाव कावलंय. किती टाकाल?"

"आवं मास्तर, गावाला कोण सांगतंय? पोरीला बोट लावायला कायतरी म्होरं पायजे का न्हाई? बोट लावलं म्हंजे बरी हाय."

समजूत तशीच राहिली आणि मी बाकड्यावर बसलो.

दिवस मावळताना बदाम उमटला. भाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आणि त्याच पोस्टखाली लिहिलं, 'जेवलीस का बेटा?'

"भाई, हे सगळ्यांना दिसतंय."

"दिसू द्या की. तिला दिसल्याशी मतलब."

आमचं गाव कुणाची टिंगल सोडणारं नाही. पण त्या ओळीखाली कुणी एक अक्षर लिहिलं नाही. रेश्माच्या उत्तरासाठी सगळ्यांनी जागा मोकळी ठेवली आणि जो तो आपापल्या घरात मोबाइल धरून वाट बघत राहिला.