टाकीपलीकडे दिसत नाही

कादरभाईंना “कसे आहात?” असं विचारलं की ते आधी घड्याळ पाहायचे.

“आठ चाळीसले बरा होतो.”

“आणि आता?”

“आता पाह्यलं नाही, ताई.”

यात विनोद काही नव्हता. जे पाहिलं तेच सांगायचं आणि कधी पाहिलं तेही सांगायचं, ही त्यांच्या नोकरीची रीत होती. ती तीस वर्षांत अंगात इतकी भिनली होती की ऑफिस सुटलं तरी ती सुटत नसे. अमरावतीच्या बाहेर एक छोटी धावपट्टी होती, तिच्या कडेला आमची हवामानाची खोली. कादरभाई तिथले निरीक्षक आणि मी त्यांची सहायक. वारा किती, कुठून, ढग केवढे, किती लांबचं दिसतं, हे दर तासाला एका कागदावर मांडायचं. त्यावर कादरभाईंची सही होऊन तो कागद वैमानिकाच्या हातात पडला नाही तर विमान हलायचं नाही. विमानं तशी फार नसत. पण त्या वर्षांत वऱ्हाड पाहायला मुंबई-दिल्लीची माणसं बरीच यायची. पाहून परत जायची. दोन्ही वेळा कागद आमचाच लागायचा.

किती लांबचं दिसतं हे ठरवायला आमच्या भिंतीवर एक पाटी होती. पाण्याची टाकी एक किलोमीटर, कापसाच्या जिनिंगचं धुराडं तीन, मुरमाची टेकडी सहा, आणि अगदी स्वच्छ दिवशी उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. कादरभाई गच्चीवर उभे राहून एकेक खूण डोळ्यांनी गाठायचे, जणू देवळाच्या पायऱ्या मोजताहेत. टेकडी दिसली नाही तर “टेकडी दिसत नाही” असंच लिहायचं. “धुक्यामुळे” असं मी एकदा पुढे जोडलं, तर त्यांनी ते खोडलं. “धुकं हाय की धूळ, तुमी तठी जाऊन पाह्यलं का? दिसलं तेवढं लिवा.”

आवारात चार पायांवर एक पांढरी जाळीदार पेटी होती, आत तापमापक. शेजारच्या वस्तीतल्या कुणा बाईला ते देवस्थान वाटलं असावं. एका गुरुवारी तिने पेटीखाली अगरबत्त्यांचा पुडाच लावला. पारा दोन अंश चढला. दुसरा कुणी असता तर त्याने बाईला रागावून पिटाळलं असतं. कादरभाई अगरबत्त्या विझेपर्यंत शेजारी उभे राहिले, मग पारा वाचला आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: “उशीर. कारण अगरबत्ती.” वरच्या ऑफिसातून खुलासा मागवणारं पत्र आलं, तेव्हा त्यांनी उरलेली काडी पाकिटात घालून पाठवली.

माझ्या पुतणीसाठी अचलपूरचं एक स्थळ आलं होतं. कादरभाईंचं गाव तेच, म्हणून मी त्यांना म्हटलं, जाता-येता जरा मुलगा पाहून या. दोन दिवसांनी त्यांनी तोंडी अहवाल दिला. “उंची, दाराच्या चौकटीले चार बोटं कमी. आवाज, दुसऱ्या खोलीत ऐकू येते. हासला एकदा. सोभाव दिसला नाही.” पुतणीच्या बापाने उंचीवर लग्न ठरवलं. स्वभाव पुढे सगळ्यांनाच दिसला.

मी तेव्हा बेचाळीस वर्षांची होते. म्हणजे अक्कल यायला अजून वीसेक वर्षं होती. त्या वर्षी आमच्याकडे नवं यंत्र येणार म्हणून मला पुण्याला एकवीस दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. परत येताना मी तीन गोष्टी आणल्या: काळा गॉगल, एक जाड फाइल, आणि ‘प्रोबॅबिलिटी’ हा शब्द. तो शब्द मी भाजीवाल्याकडेही वापरत असे. आज नातवंडं मोबाइलमध्ये पाहून मला पावसाचे टक्के सांगतात, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मला माझाच तो गॉगल दिसतो.

यंत्र छान होतं. धावपट्टीच्या कडेला खांबावर वारा मोजणाऱ्या फिरत्या वाट्या आणि डबे, आणि खोलीत एक पडदा. पडद्यावर आकडे, खाली तीन दिवे. हिरवा म्हणजे जा, पिवळा म्हणजे विचार करा, लाल म्हणजे बसा. मी कादरभाईंना पहिला धडा दिला: “उद्या पावसाची शक्यता सत्तर टक्के.”

“म्हंजे मानूस कमरेपर्यंत भिजते का गळ्यापर्यंत?” त्यांनी विचारलं.

मी हे वाक्य आठवडाभर साऱ्यांना सांगून हसत होते. हसताना मान कशी मागे टाकत असे, तेही आठवतं. जाऊ द्या.

त्याच वर्षी पावसाने दडी मारली आणि ढगांवर क्षार फवारून पाऊस पाडणारं विमान आमच्या धावपट्टीवर येऊन थांबलं. मुक्काम पंधरा दिवसांचा, मग ते दुसऱ्या जिल्ह्यात जाणार. चौदा दिवस आकाश धुतलेल्या ताटासारखं होतं. विमान आपलं उन्हात उभं. कुंपणाबाहेर मात्र रोज लोक जमायचे, आणि त्यात वरूडचे बबनराव ठरलेले. त्यांची संत्र्याची बाग होती, बापाने लावलेली. विहिरीने तळ गाठला होता. ते मोटारसायकलवरून एवढं अंतर तोडून यायचे, कुंपणाच्या तारेला हात लावून उभे राहायचे आणि कादरभाई गच्चीवर दिसले की ओरडायचे, “कादरभाई! काही हाय का?”

“नाही, भाऊ!”

“आठ दिवस अजून तग धरतीन झाडं! त्याच्यापुढं नाही!”

“ऐकलं, भाऊ!”

पंधराव्या दिवशी, दुपारी चारला, ढग आले. चांगले फुगलेले, तळाशी काळे, जसे हवे तसे. कुंपणाबाहेर आरडाओरडा झाला. कॅप्टन पंचविशीचा, दक्षिणेकडचा पोरगा; त्याने जेवण अर्धं टाकलं आणि विमानाकडे पळाला. मी पडद्याकडे पाहिलं. वारा मर्यादेत, बाकी सारं ठीक, हिरवा दिवा. मी खिडकीतून बबनरावांना ओरडून सांगितलं, “हिरवा आहे!” त्यांना हिरवा म्हणजे काय हे ठाऊक असायचं कारण नव्हतं, पण माझ्या आवाजावरून ते समजले आणि त्यांनी डोक्यावरचा रुमाल हवेत उडवला.

कागद तयार करून मी गच्चीवर गेले. कादरभाई पश्चिमेकडे पाहत होते.

“ताई, टाकी दिसते का?”

“दिसते.”

“धुराडं?”

धुराडं दिसत नव्हतं. टाकीच्या मागे तपकिरी भिंत उभी होती. सरळ, शांत.

“धूळ असेल,” मी म्हटलं. “यंत्र हिरवं दाखवतंय, कादरभाई.”

“यंत्र पट्टीवर उभं हाय. त्याच्यापाशी वारा नाही, म्हनून हिरवं हाय. ते खोटं नाही बोलून राहिलं. पन टाकीपलीकडं त्यालेबी दिसत नाही अन् मलेबी दिसत नाही.”

“मग सही?”

“नाही.”

खालून कॅप्टन हात हलवत होता. धावपट्टीच्या व्यवस्थापकांनी दोनदा वर फोन केला. कुंपणावरून बबनराव ओरडत होते, आधी “कादरभाई, लिवा ना हो!”, मग “कादरभाई, पाया पडतो!”, आणि मग नुसतं “कादऱ्या!” कादरभाईंनी कागदावर वेळ घातली, चार वाजून वीस, आणि लिहिलं: “पश्चिमेस टाकीपलीकडे दिसत नाही.” त्याखाली सही केली. त्या ओळीखाली सही म्हणजे विमान जाणार नाही.

आता तुम्हाला वाटेल, पाच मिनिटांत वावटळ आली, पत्रे उडाले आणि कादरभाईंचा जयजयकार झाला. तसं काही झालं नाही. ती धूळ टाकीपाशी आलीच नाही. दक्षिणेला वळून कुठे विरली, कोण जाणे. पाच वाजता धुराडं स्वच्छ दिसत होतं. तोवर ढग विमानाच्या टप्प्याबाहेर निघून गेले होते. दुसऱ्या दिवशी विमानही गेलं.

मी रागाने त्यांना विचारलं, “मग चुकलंच ना तुमचं?”

“चार वीसले दिसत नव्हतं,” ते म्हणाले. “त्याच्यापुढचं मले माहीत नाही, ताई.”

त्या संध्याकाळी मी वरच्या ऑफिसला दोन पानी पत्र लिहिलं. शुद्ध मराठीत. ‘कालबाह्य पद्धती’, ‘मानवी भित्रेपणा’, असे शब्द त्यात होते. एका वाक्यात तर मी स्वतःचा उल्लेख ‘प्रशिक्षित मनुष्यबळ’ असा केला होता. ते पत्र पोस्टात टाकताना मला फार धाडसी वाटलं होतं.

महिनाभराने, एका शुक्रवारी, मी मावशीकडे जायला वरूडच्या एसटीत बसले, तर पुढच्या बाकावर कादरभाई. मांडीवर डबा. शुक्रवार त्यांचा सुटीचा वार. बायको जाऊन सात वर्षं झालेली, मूलबाळ नाही. हे कुठे निघाले?

“बबनरावाकडं.”

“कशाला?”

“शिव्या खाले.”

मला वाटलं थट्टा करताहेत. पण ते थट्टा करत नसत हे मी वर सांगितलंच आहे. हा चौथा शुक्रवार, ते म्हणाले. मावशीला विसरून मी त्यांच्या मागे उतरले. खरं सांगायचं तर गंमत पाहायला.

अर्धी बाग तोडून झाली होती. खोडं ओळीने उभी होती. बबनराव विहिरीच्या काठावर बसले होते. आम्हाला पाहताच उठले.

“आला का कादऱ्या! आला का डोये फुटलेला! तुले टाकी दिसते, लेका, माही झाडं नाही दिसली? अरे, काय झालं असतं? काही झालं का? सांग ना, काही झालं का?”

“नाही झालं, भाऊ.”

“मंग!”

आणि मग सुरू झालं. ढग, सरकार, विमान, बापाने लावलेलं पहिलं झाड, ते कोणत्या साली लावलं, कुठून आणलं, सारं कादरभाईंच्या अंगावर. कादरभाई हात मागे बांधून उभे. मधूनमधून “हो” म्हणत होते. मला त्यांची चीड आली. एवढं ऐकून घ्यायची काय गरज?

बबनरावांच्या घरच्या, चंद्रकलाबाई, पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आल्या. मी म्हटलं, “अहो, थांबवा ना त्यांना.”

“नोको थांबवू, बाई,” त्या हळूच म्हणाल्या. “आठ दिवस तोंड उघडत नाही हे. पोरांशी नाही, माह्याशी नाही. जेवले का, तं मान हालवते. फकस्त शुक्रवारी बोलते. कादरभाई येते म्हनून.”

गप्प झालेल्या माणसाची त्या वर्षांत आमच्याकडे फार भीती होती. ती का, हे वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान उघडणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक होतं. चंद्रकलाबाईंनी विहिरीवरचा दोर केव्हाच काढून घरात ठेवला होता.

बबनरावांचा दम संपत आला. आवाज खाली यायला लागला. कादरभाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, “अन् ते कोपऱ्यातलं झाड? ते कोनं लावलं होतं?”

“ते?” बबनराव पुन्हा पेटले. “ते तं मी लावलं होतं, नालायका!”

आणखी पाव तास गेला. तेव्हा कुठे त्यांचं लक्ष माझ्याकडे गेलं.

“हे कोन?”

मी मावशीकडे आलेली पाहुणी, असं सांगता आलं असतं. काळा गॉगलही जवळ होता.

“त्या दिवशी हिरवा आहे म्हणून ओरडले ती मी,” मी म्हटलं.

बबनराव माझ्याकडे वळले. मग त्यांनी नव्याने श्वास भरून घेतला. “असं का! मंग ये इकडं, तुलेबी सांगतो!”

ऊन कडक होतं आणि उरलेल्या झाडांतल्या एकाचीच काय ती सावली होती. कादरभाई एक पाऊल सरकले, आणि मी त्यांच्या शेजारी जाऊन उभी राहिले.