टोपी राहील अशी गाडी

हैदराबादेत नवीन मोटारगाडी आली आणि माणिकराव तिच्यात बसून आले नाहीत, असं कधी झालं नाही. बसायचे आणि उतरायचे. घ्यायची एकही नाही. आणि बसायचे ते टोपी घालून. पांढरी, खळ घालून कडक केलेली टोपी. ती छताला टेकली की माणिकराव दार उघडून एक पाय बाहेर टाकायचे, मग दुसरा, मग उरलेले माणिकराव बाहेर यायचे आणि सेल्समनला सांगायचे, "टोपी राहत नाही, बाबा."

सेल्समन म्हणायचा, सार, मग टोपी काढून बसा. त्यावर उत्तर ठरलेलं होतं. "घरात मी टोपी घालून फिरतो. तुझी गाडी काय माझ्या घरापेक्षा मोठी लागून गेली?"

माणसाची उंची सहा फूट चार इंच. टोपीसकट सहा फूट सात. मी माझ्या टेपाने मोजली आहे, तेव्हा कोणी वाद घालू नये.

मी चिक्कडपल्लीत चाळीस वर्षं गाड्यांच्या सीटा शिवल्या. शाळा चौथीत सुटली, पण माझ्या सीटवर बसलेला माणूस पाठ धरून उतरलेला कोणी दाखवावा. माणिकराव आमच्याच गल्लीत राहायचे, तिसऱ्या घरात, वरच्या मजल्यावर. मूळचे आमच्या उदगीरकडचे, आजोबा निजामाच्या राज्यात शेती सोडून इकडे आले. स्वतः सरकारी खात्यात नकाशे काढायचे. मला 'उस्ताद' म्हणायचे. या शहरात कारागिराला उस्ताद सगळेच म्हणतात, पण माणिकराव म्हणायचे तेव्हा ते खरं वाटायचं.

संध्याकाळी आम्ही दोघं कोपऱ्यावरच्या इराण्याकडे चहाला बसायचो. माणिकरावांचे पाय टेबलाखाली मावत नसत, ते वाटेत पसरलेले असत. पोऱ्ये अडखळायचे, आणि गल्ल्यावरचा म्हातारा दर रोज तेच बोलायचा, "साब, पावां समेट लेव, चाय गिर जाती." माणिकराव पाय जवळ घ्यायचे. गुडघे टेबलाला लागून टेबलच वर उचललं जायचं, आणि चहा सांडायचा तो सांडायचाच.

आधी आपल्याकडे गाड्या दोन-तीन तऱ्हेच्या होत्या. त्या काळी माणिकराव गाडीचा विचारच करत नव्हते, स्कूटर होती. मग बाजार खुला झाला. दर दोन-चार महिन्यांनी कुठली तरी नवी कंपनी, नवं दुकान, काचा, एसी, टाय घातलेली पोरं. हिमायतनगरपासून सिकंदराबादपर्यंत एक दुकान माणिकरावांनी सोडलं नाही. त्यांच्याजवळ एक वही होती. एका पानावर एक गाडी. नकाशे काढणारा हात तो, गाडीचं चित्र आडवं कापल्यासारखं काढलेलं, आत बसलेले माणिकराव, आणि खाली बारीक अक्षरात : टोपी टेकली. गुडघा अडला. किंवा : टोपी राहिली, पण मान राहिली नाही.

पुढे पुढे शहरातले उंच लोक त्यांना विचारायला घरी येऊ लागले. एकदा सिकंदराबादचे एक सरदारजी आले. माणिकरावांच्या टोपीपेक्षा त्यांची पगडी दोन बोटं वर. माणिकरावांनी वही काढली, पानं उलटली, बेरीज-वजाबाकी केली आणि सांगितलं, तुम्हाला एकच गाडी बसेल, ती अमुक, बाकीच्या दुकानात पाऊल टाकू नका. सरदारजींनी ती घेतली, आणि महिन्याने मिठाईचा डबा घेऊन जिना चढून आले. अशी कितीतरी माणसं माणिकरावांनी गाडीत बसवली. फुकट. स्वतः मात्र स्कूटरवर.

त्यांची आणखी एक खोड होती, ती मला कळायची नाही. स्वतः चालकाच्या जागी बसून झालं की ते दुकानाच्या दरबानाला आत बोलवायचे. दरबान उंचच ठेवतात. त्याला स्टिअरिंगपुढे ताठ बसवायचे आणि स्वतः डावीकडच्या सीटवर जाऊन खाली खाली घसरायचे, इतके की डोळे खिडकीच्या काठाला येत. तिथून ते त्या दरबानाकडे टक लावून बघत बसायचे. "जरा मागे व्हा. अजून. नाही, तरी नाही," असं म्हणून उठायचे. दरबान घाबरून जायचा. एकाने मला विचारलं, ये साब डॉक्टर हैं क्या? मी माणिकरावांना विचारलं तर म्हणाले, "असंच."

आता सुशीलावहिनींबद्दल सांगायला पाहिजे. माणिकरावांची बायको. उभ्या राहिल्या की त्यांचं डोकं माणिकरावांच्या खिशातल्या पेनाला लागायचं. सव्वीस वर्षं स्कूटरवर मागे बसल्या. नऊवारी नव्हे, साधी गोल पाचवारी, म्हणजे दोन्ही पाय डावीकडे टाकून एका अंगावर बसायचं. तोंड डावीकडे, आणि उजव्या हाताला माणिकरावांची भिंत. त्यामुळे वहिनींनी सव्वीस वर्षांत रस्त्यांची फक्त डावी बाजू बघितली होती. ती मात्र अशी पाठ, की कोणत्या दुकानाची पाटी कधी रंगवली तेही सांगतील. नवीन कोणी पत्ता विचारला तर वहिनी आधी विचारायच्या, "जाताना दिसतं का येताना?" विद्यानगरची त्यांची बहीण म्हणायची, आमचं घर येताना लागतं आणि येताना हिला घरची घाई, म्हणून ही कधी थांबत नाही. वहिनी हसायच्या. "मला अर्धं हैदराबाद सगळं येतं," म्हणायच्या, "उरलेलं यांना विचारा."

टँकबंदावरून, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या रस्त्याने, सिकंदराबादला जाताना तलाव डावीकडे. येताना उजवीकडे, म्हणजे माणिकरावांच्या पाठीआड गेलेला. वहिनी जाताना गप्प बसून तलाव बघायच्या, आणि येताना सगळा वेळ बोलायच्या.

मी एकदा चहा पिताना माणिकरावांना म्हणालो, इतकं काय हिंडता, कुठलीही गाडी घ्या, माझ्याकडे आणा. सीटमधला फोम कापतो, खालची पटरी मागे सरकवून वेल्डिंगचा डाग मारतो. दोन इंच खाली, चार इंच मागे. टोपी आरामात राहील.

माणिकरावांनी कप खाली ठेवला. "गाडी कापून बसायचं? उस्ताद, मी काय लपायला चाललोय? मला ताठ बसायचं आहे. जागा गाडीत असली पाहिजे, चोरून काढलेली नको."

चोरून. माझ्या कामाला. मी म्हणालो, चाळीस वर्षं लोक माझ्या हाताने कापलेल्या सीटवर बसतात, त्यांना कोणी चोर म्हणालं नाही. ते म्हणाले, त्यांची उंची किती होती? मी म्हणालो, उंचीने माणूस मोठा होत नसतो. ते उठले. उठले म्हणजे टेबल उठलं, दोन्ही चहा माझ्या धोतरावर. त्यानंतर दोन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही. त्याच इराण्याकडे, त्याच वेळेला, दोन टेबलांवर बसायचो, एकमेकांकडे पाठ करून. म्हातारा दोघांची बिस्किटं एकाच बशीत आणायचा आणि मधल्या टेबलावर ठेवायचा. आम्ही हातही लावला नाही.

त्यात वहिनी जिन्यावरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, काठी धरून घरात फिरू लागल्या, पण डॉक्टरांनी स्कूटर बंद केली. एका अंगावर बसायचंच नाही म्हणाले. रिक्षा करून पाहिल्या. रिक्षाने हाड दुखायचं, आणि टप इतका खाली की वहिनी म्हणायच्या, रस्त्याचं नुसतं डांबर दिसतं. मग बाहेर जाणंच बंद झालं. गॅलरीत खुर्ची टाकून बसायच्या. गल्लीतून जाताना मला वरून विचारायच्या, "भाऊजी, कापडवाल्याची पाटी तीच आहे का अजून?" मी तीच आहे म्हणायचो. बदलली होती.

आणि माणिकराव अजून गाड्यांत बसून उतरत होते. गल्ली बोलू लागली. बायको घरात कोंडली आणि याला टोपी पडली आहे. मीही बोललो. ते चूक झालं, पण बोललो.

एका दुपारी माझ्या दुकानापुढे एक गाडी थांबली. बाजारात सगळ्यात लहान जी होती ती. खेळण्यासारखी, नवी कोरी, हार तसाच. दार उघडलं, एक पाय बाहेर आला, दुसरा आला, आणि मग माणिकराव. टोपी नव्हती. इतक्या वर्षांत त्यांचं टक्कल मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. कुठे बघावं कळेना, मी कात्रीकडे बघितलं.

"उस्ताद, सीट कापायची आहे."

"टोपीसाठी?" मी विचारलं. बोलण्यात थोडं तिखट होतंच.

"टोपी खुंटीवर आहे. ही गाडी घेतली कारण तुमच्या वहिनीला हिच्यात चढता येतं. वाकावं लागत नाही, उचलून बसवावं लागत नाही. आता माझी सीट जेवढी जाईल तेवढी खाली घ्या, आणि जेवढी जाईल तेवढी मागे. तिची दोन इंच वर."

"इतकं खाली बसून तुम्हाला दिसेल काय?"

"मला पुढचा रस्ता दिसला की झालं. तिला माझ्या पलीकडचं दिसलं पाहिजे."

तेव्हा मला तो दरबान आठवला. डाव्या सीटवर घसरलेले माणिकराव आठवले, डोळे बरोबर वहिनींच्या उंचीवर आणलेले. मी म्हणालो, मग इतकी वर्षं टोपी टोपी काय लावलं होतं?

"दुसरं काय सांगणार?" ते म्हणाले. "ज्या गाडीत मी मावतो तिची खिडकी मीच भरून टाकतो. स्कूटरवर तिला माझी पाठ आड होती, गाडीत खांदा येणार. हे सेल्समनला सांगायचं? टोपी म्हटलं की लोक हसतात आणि सोडून देतात. वाटायचं, कुठलीतरी गाडी दोघांना पुरेल. मग तुमची वहिनी पडली." आणि म्हणाले, "तुमच्या कामाला चोरी म्हणालो. ते काही मनात ठेवू नका."

मी म्हणालो, गाडी आत घ्या.

तीन दिवस लागले. घाईने केलेलं काम मी देत नाही. त्यांच्या सीटचा फोम तीन वेळा कापला, पटरीला मागे नवी भोकं पाडली. वहिनींच्या सीटला खाली काथ्याचा थर दिला, वर कडक फोम, खुब्याच्या बाजूला मऊ. प्रत्येक वेळी माणिकरावांना स्टिअरिंगपुढे बसवायचं आणि मी डावीकडे खाली घसरून बघायचं. "जरा मागे व्हा. अजून." तिसऱ्या खेपेला त्यांच्या छातीपुढून पलीकडच्या फुटपाथवरचा पानवाला मला पुरा दिसला. मी म्हणालो, झालं.

रविवारी सकाळी मला सोबत नेलं. मी मागे, वहिनींच्या पाठीमागे. माणिकरावांच्या पाठीमागे डबा ठेवायलाही जागा उरली नव्हती. जाताना डावीकडे तलाव होता, वहिनी सवयीने गप्प होत्या. सिकंदराबादला कॉफी प्यालो. परतताना वहिनी बोलायला लागल्या, बहिणीच्या सुनेबद्दल काहीतरी चाललं होतं. टँकबंद लागला आणि त्या मध्येच थांबल्या. उजवीकडे बघत राहिल्या. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "अहो, येतानाही तलाव आहे."

"असतो," माणिकराव म्हणाले, आणि गाडी हळू केली. मागून हॉर्न वाजू लागले. त्यांनी वेग वाढवला नाही.

गुडघे स्टिअरिंगच्या दोन बाजूंनी वर आले होते. टोपी वहिनींच्या मांडीवर होती, त्यांनी ती घरून निघताना खुंटीवरून काढून आणली होती. मी मागून माझं काम बघत होतो. माणिकरावांच्या डोक्यावर छतापर्यंत मोकळी जागा दिसत होती. नजरेने मोजली, पाच बोटं भरली. माझी नजर चुकत नाही.

मी पुढे वाकून म्हणालो, "माणिकराव, टोपी राहते आता. घाला."

त्यांनी मान वळवली नाही. "आत्ता नको, उस्ताद," हळूच म्हणाले. "तिच्या आणि तलावाच्या मध्ये येईल."