लाल गाडीची खांदशेकणी

गोपालनं गाडीच्या पुढच्या चाकापाशी उकिडवं बसून आत मोबाइलची बॅटरी मारली. डॉक्टर घसा बघतो तशी. मग 'अरेरे' केलं. तेही डॉक्टर करतो तसंच, काही कळलेलं नसताना.

"मनोज, ब्रेकपॅड गेले बे."

मनोज म्हणजे अमरावतीच्या बडनेरा रोडवरचा गॅरेजवाला. त्यानं वाकून पाहिलं. "कुठी गेले दादा? अर्धेच्या वर शिल्लक हायेत. गाडी किती हलकी हाये, घासतेच कितीक? अजून दोन दिवाळ्या पाहतीन हे."

"तुले नाई समजत. स्पोर्ट्स कार हाये ते. तिले रेसिंगचे पॅड लागते."

ही स्पोर्ट्स कार म्हणजे लालभडक, छत उघडणारी, दोन माणसं जेमतेम कोंबता येतील एवढी. जमिनीला इतकी चिकटलेली की आत बसलं की रस्त्यातली बकरीसुद्धा वरून बघायची. अकोल्याच्या एका अडत्यानं ती विकायला काढली होती, कारण त्याचं पोट आणि स्टेअरिंग दोन्ही एका वेळी आत मावत नव्हती. गोपालचं मावत होतं, श्वास सोडल्यावर. प्लॉटच्या दलालीत हात जरा ओला झाला की माणसाला एकतर देवळाला कळस चढवावासा वाटतो, नाहीतर असलं काहीतरी सुचतं. देवाचं नशीब, गोपालला दुसरं सुचलं.

गाडीमागून ज्ञान आलं. कुठल्याशा थंड देशातला एक टकला माणूस मोबाइलवर ब्रेकपॅडविषयी तासन्‌तास बोलायचा. त्याचं अर्धं इंग्रजी गोपालला समजायचं, उरलेलं अर्धं तो पदरचं घालायचा.

पॅड आले. मनोजनं बसवता बसवता डबा उलटापालटा केला. "दादा, याच्यावर लिवलं हाये, गरम झाल्याबिगर धरत नाई म्हने."

"तेच तं! थंडे पॅड कोनीबी वापरते."

"पन इतवारा बाजाराच्या गर्दीत हे गरम होतीन कवा?"

"तू बसव ना बे!"

मग पॅड गरम करायला गाडी अकोला रोडवर गेली. जोरात पळवायची, करकचून दाबायची, पुन्हा पळवायची. मागच्या ट्रकवाल्यानं दोन-तीनदा सहन केलं. मग बाजूला येऊन त्यानं खिडकीतून डोकं काढलं. "काय गा, मिरगी येते का तुह्या गाडीले?"

पॅड धरायला लागले खरे, पण रडायलाही लागले. ब्रेकवर पाय पडला की पत्र्यावर खिळा ओढल्यासारखी लांबलचक 'चींऽऽ' निघायची. गल्लीतली कुत्री आधी भुंकली, मग त्यांनी गल्ली सोडली. "रेसिंगचा आवाज हाये हा," गोपाल सगळ्यांना सांगायचा. कुत्र्यांना सांगायचं राहून गेलं.

असा रडत-ओरडत तो पोळ्याच्या आदल्या दिवशी भातकुलीच्या पुढं असलेल्या आपल्या गावी पोचला. ओसरीवर वडील रामराव मान खाली घालून बसले होते आणि समोर गावातलेच किसनराव मान वर करून. कारण मानाचंच होतं. पोळ्याला मारुतीसमोर तोरण बांधतात. ज्याची जोडी ते तोरण पहिल्यांदा फोडेल त्याचा पोळा, त्याचं वर्ष. हा मान रामरावांच्या घराचा होता, त्यांच्या वडिलांपासून. पण चैत्रात गोपालनं बापाला पटवलं होतं, "बाबा, ट्रॅक्टरचा जमाना हाये, बैलं कायले पोसता?" जोडी हिवरखेडच्या बाजारात विकली गेली. बैलांच्या गळ्यात बांधलेला मानही त्यांच्यासोबत गेला, हे श्रावण लागेपर्यंत कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं. किसनरावांच्या मात्र चैत्रातच आलं होतं.

"गावानं ठरवलं रामरावभाऊ," किसनराव सांगत होते. "ज्याच्या गोठ्यात जोडी नाई, त्याले मान नाई. यंदा तोरन माह्ये बैल फोडतीन."

 तेवढ्यात 'चींऽऽ' करत गाडी अंगणात शिरली.

"हे काय आनलं गा?" किसनराव दचकून उठले. "फटफटीले पोट्टं झालं का?"

"स्पोर्ट्स कार हाये काका. निरी हलकी. आपली जोडी भरे ना, तेवढंच वजन."

"मंग जुप वखराले," रामराव म्हणाले. दिवसभरात त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य.

गोपालला ते लागलं. बापाचा पडलेला चेहरा आणि किसनरावांच्या मिशीतलं हसू एकदम दिसलं, आणि टकल्याच्या शाळेतला हा विद्यार्थी बोलू नये ते बोलून गेला. "काका, तुमचे बैल तोरन फोडतीन तवा फोडतीन. त्याच्या आंधी मी येशीच्या उतारावरून हे गाडी भन्नाट आनतो आन तोरनाच्या हातभर अलीकडं उभी करतो. साऱ्या गावानं पाहावं, ब्रेक काय असते ते!"

"आन नाई थांबली तं?"

"तं भंगारात देतो गाडी. आन तुमची जोडी वर्षभर मी धुतो."

"आयकलं ना साऱ्यायनं?" किसनरावांनी रस्त्यावरच्या दोन माणसांना आणि एका म्हशीला साक्षीला घेतलं. "रामरावच्या नाकाचा शेंडा तेवढा राह्यला व्हता, तोबी पोट्ट्यानं लावला डावावर."

गोपालनं गाडी रिकाम्या गोठ्यात लावली आणि पानठेल्यावर फुशारकी मारायला निघून गेला.

दिवेलागणीला त्याची आई पार्वताबाई गोठ्यात आली. तिच्या हातात वाटी होती, वाटीत लोणी आणि हळद. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोलवटलेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, लोणी-हळद चोळायची आणि बैलांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. बैल नाहीत हे पार्वताबाईला ठाऊक होतं. पण लग्न होऊन आल्यापासून ही वाटी एकाही वर्षी भरल्यावाचून राहिली नव्हती, आणि भरलेली वाटी परत कशी न्यायची? खुंट्याशी तर काहीतरी उभं होतं. लाल होतं, गरीब दिसत होतं, आणि येताना केवढ्यानं रडत आलं होतं!

तिनं चाकाच्या जाळीतून आत पाहिलं. आतली लोखंडी चकती घासून घासून चकचकीत झाली होती, वर ओरखडे.

"माय वं! खांदा पार सोलला तुहा. म्हनून रडत व्हती का? माह्या पोट्ट्याले काई माया नाई."

जोडीचे खांदे चार, गाडीची चाकंही चार. तिचा हिशेब बरोबर बसला. गरम पाण्याच्या फडक्यानं तिनं एकेक चकती शेकली आणि बोटं आत घालून, अगदी पॅडच्या फटीतसुद्धा, लोणी-हळद चोळली. "आज आवतन घे, उद्या जेवाले ये," असं सांगून ती समाधानानं स्वयंपाकाला लागली.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर गोपाल डोळ्यांवर काळा चष्मा चढवून निघाला. गल्लीच्या वळणावर त्यानं ब्रेक दाबला. गाडीनं तो ऐकला, पण मनावर घेतला नाही. पुढं घरंगळत जाऊन ती एका बाभळीपाशी आपल्या मर्जीनं उभी राहिली. दुसरा कोणी असता तर उतरून पाहिलं असतं. पण ज्ञानी माणसाला उतरायची गरज पडत नाही. "थंडे हायेत अजून," तो स्वतःशी म्हणाला. "गरम झाले की धरतीन."

मग गरम करायला त्यानं ब्रेक दाबत दाबत गाडी वेशीपर्यंत नेली. वाटेत छान खमंग वास सुटला. 'कोनाच्या तरी घरी लोनी कढून राह्यलं,' त्याच्या मनात आलं आणि पुरणपोळीच्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटलं. रडणंही बंद झालं होतं. पॅड आता बरोबर बसले, असा त्यानं निष्कर्ष काढला.

खाली मारुतीसमोर सगळं गाव जमलं होतं. झुली, बाशिंगं, घुंगरं. तोरणापाशी सगळ्यात पुढं किसनरावांची जोडी. म्हातारा देवमन, ज्याच्या शब्दावर गावचा पोळा सुटतो, हात वर करून झडती, म्हणजे पोळ्याचं चिमटे काढणारं गाणं, म्हणत होता:

"जोडी विकली, गोठा रिता, दावं पडलं खाली,
लाल डबा बांधला तिथं, चारा काय घाली?
हर बोला हर हर महादेव!"

गाव खदाखदा हसलं. ते हसू उतारावर गोपालपर्यंत पोचलं आणि त्यानं गाडी सोडली.

अर्ध्या उतारावर पाय दाबला. काही नाही. पुन्हा दाबला. वास तेवढा वाढला. हातब्रेक ओढला, पण आईनं मागचे खांदेही उपाशी ठेवले नव्हते. "सरका! सरका ना बे! थंडे हायेत! थंडे हायेत!" असं तो ओरडत होता, पण हे काय थंड आहे ते गावाला कळेना. गिअर आठवेपर्यंत तोरण आलं, तुटलं आणि आंब्याच्या पानांसकट गोपालच्या गळ्यात पडलं. पोरं ओरडली, "पोळा फुटला!" आणि बैल चौखूर उधळले.

मैदानापलीकडं चढ होता. गाडीचा जोर संपत संपत गेला आणि ती किसनरावांच्या दारात, थकलेल्या बैलासारखी, आपोआप थांबली.

दारात किसनरावांची बायको शकुनकाकू आरतीचं ताट घेऊन उभी होती. तोरण फोडून जो दारी येईल त्याला पहिलं ओवाळायचं, एवढं तिला माहीत होतं. कोण यावं हे तिच्या हातात नव्हतं. तिनं चाकांवर पाणी घातलं, फस्स करून वाफ निघाली. कुंकू लावलं, ओवाळलं. मग पुरणपोळी घेऊन गाडीचं तोंड शोधलं आणि पुढच्या जाळीत नीट खुपसली.

"काकू, मी गोपाल," आतून बारीक आवाज आला.

"तुले मागून देतो. पयले तिचं होऊ दे."

किसनराव धापा टाकत आले. "हारला! नाई थांबली! द्या भंगारात!"

"हारलो," गोपाल म्हणाला. गळ्यातलं तोरण काढायचीही ताकद त्याच्यात नव्हती.

गर्दीतून रामराव पुढं झाले. आज त्यांची मान वर होती. "किसनराव, ते पोट्टं हारलं. पन तोरन कोनं फोडलं?"

"हे काय बैल हाये?"

"मंग तुह्या घरचीनं ओवाळलं कोनाले?"

किसनरावांनी बायकोकडं पाहिलं. बायकोनं चाकाकडं बोट दाखवलं. "माह्याकडं काय पाह्यता? खांदशेकनी झाली हाये तिची. हयद पाहा ना खांद्यावर."

सगळ्यांनी वाकून पाहिलं. गोपालनंही पाहिलं, आणि लोणी कोणाच्या घरी कढत होतं ते त्याला उमगलं. त्यानं आईकडं बघितलं. पार्वताबाई पदर सावरत म्हणाली, "रातभर रडली नाई मंग ते. कसा आराम पडला!"

देवमननं बोटांवर मोजलं. "खांदशेकनी झाली. आवतन झालं. तोरन फोडलं, ओवाळनं झालं. बैलाचं अजून काय राह्यलं?"

"शेन!" किसनराव कडाडले.

एका म्हातारीनं गाडीखाली बोट दाखवलं. इंजिनातून काळं तेल टपटप गळून जमिनीवर चांगला पो पडला होता.

"तेबी झालं," देवमन म्हणाला, आणि निकाल लागला.

मग रिवाजच तो! मानाची जोडी घरोघरी फिरवावी लागते. चौघांनी दोर लावून गाडी ओढली आणि प्रत्येक दारात आतल्या गोपालला, बैल हाकणाऱ्या गड्याला देतात तसा, बायकांनी बोजारा दिला. कोणी धान्य, कोणी करंजी, कोणी "गरम झाले का गा आता?" असा आपुलकीचा शब्द. घरी पोचेपर्यंत जाळीत इतक्या पोळ्या झाल्या होत्या की इंजिनाला हवा मिळेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी, किसनरावांचे बैल धुऊन, गोपाल ओला होऊन आला. "बाबा, टोचन लावून अमरावतीले नेतो. लोन्यानं पॅड पार खराब झाले. आता त्याच्याहून भारीचे टाकतो. आन भंगाराचं तं मी किसनकाकाले..."

"भंगार?" रामरावांनी ओसरीवरून उठून गाडीच्या नाकावर हात फिरवला. "एक डाव तुहं आयकून जोडी विकली. आता विकत नसते." मग त्यांचा आवाज खाली आला. "आन ब्रेकले हात लावला तं तंगडी तोडीन. पुढच्या पोळ्याले थांबली, तं मान कोन आनन? तुहा टकल्या?"