'काकांची होडी' कोणाची?

कृष्णनगरच्या ग्रंथालयाने जुनी पुस्तकं संगणकावर वाचायला ठेवली आणि अनादि लाहिरींना जेवण गोड लागेना. त्यांची कादंबरी कोणी उघडलीसुद्धा नव्हती. आणि त्यांचा वर्गमित्र प्रणवेश, जो वीस वर्षं शिलिगुडीत राहत होता, त्याच्या 'काकांची होडी'साठी रांग! ग्रंथालयाकडे छापील प्रत एकच, त्यामुळे नियमाप्रमाणे संगणकावरही एका वेळी एकालाच वाचायला मिळे.

"एकेचाळीस जण थांबलेत!" अनादिबाबू म्हणाले.

"सकाळपासून तिसऱ्यांदा मोजताय," त्यांच्या पत्नी सुरमादेवी पडवळ चिरत म्हणाल्या.

"लेखकाला न विचारता पुस्तक लावणं गुन्हा आहे. कायदा आहे तसा."

"तुमचंही न विचारताच लावलंय की."

"माझं राहू दे गं!"

त्यांनी तक्रारीचा अर्ज भरला. शेवटी एक चौकट होती : 'मी या पुस्तकाचा हक्कदार आहे.' तिथे खूण केल्याशिवाय अर्ज पुढे सरकेना. केली खूण.

दुसऱ्या दिवशी होडी गायब! जागेवर पाटी : 'हक्कदार श्री. अनादि लाहिरी यांच्या तक्रारीवरून काढले.'

ज्या गावात दर तिसरा मास्तर टोपणनावाने लिहितो, तिथे लोकांनी काय समजायचं ते समजून घेतलं. चहाच्या टपरीवर औषधवाले घोषबाबू चक्क पाया पडले.

"अनादिदा, प्रणवेश म्हणजे तुम्हीच होय! काय तो शेवट! बायको दोन दिवस रडत होती."

नाही म्हणावं तर खोटी तक्रार उघडी पडते. हो म्हणावं तर कौतुक प्रणवेशचं. अनादिबाबू नुसते हसले. हसू जरा लांबलं, हे खरं.

संध्याकाळी शिलिगुडीहून फोन. "काय रे, माझी होडी तू वल्हवतोयस म्हणे?"

अनादिबाबू तडक ग्रंथालयात गेले. ग्रंथपाल तंद्रादींनी कोरा कागद पुढे केला. "हक्कदार नाही, असं लिहून द्या."

पेन हातातच राहिलं. घोषबाबूंचा तो नमस्कार आठवत होता.

"पण तुमचा फायदा झाला हं, दादा. सकाळपासून नऊ जणांनी तुमची कादंबरी उघडली."

"खरंच? काय म्हणतात?"

तंद्रादींनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. पहिलाच अभिप्राय घोषबाबूंचा होता : 'होडी लिहिणारा माणूस इतकं रटाळ लिहूच शकत नाही. हे नक्की दुसऱ्या कुणाचं तरी आहे. खऱ्या हक्कदाराने त्वरित तक्रार करावी.'

अनादिबाबूंनी कागद ओढला, 'मी हक्कदार नाही' असं लिहिलं आणि सही केली.